घरच्यांना टेप नाही

त्या घरात एक रीत होती. गिऱ्हाइकाला टेप, घरच्यांना नजर.

चिमणीच्या आईचं शिवणकाम पुढच्या खोलीत चालायचं. खिडकीशी मशीन, मशीनच्या डाव्या हाताला कापायचं लांब टेबल, भिंतीला उभा आरसा आणि आरशाशेजारी खिळ्यावर लोंबणारा पिवळा टेप. येणाऱ्या प्रत्येक बाईला आई त्या टेपानं मापायची. पण घरातल्या माणसाचं काही शिवायचं म्हटलं की टेप खिळ्यावरच राहायचा. आई दोन पावलं मागे सरायची, डोळे बारीक करायची, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायची आणि "झालं" म्हणून सरळ कापडाला कात्री लावायची. कपडा असा बसायचा की जणू अंगावरच विणलाय. बाबा बस चालवायचे. बसून बसून त्यांना गेल्या वर्षात चांगलंच पोट सुटलं होतं, आणि त्यांनी ते कबूल करायच्या आधी आईनं शिवलेल्या शर्टांनी कबूल करून टाकलं होतं.

"घरच्या माणसाला कोणी तागडीत तोलून जेवायला वाढतं का?" कोणी विचारलंच तर आई म्हणायची. "मग टेप कशाला?"

चिमणी हे नाव बाबांनी ठेवलेलं. जन्मली तेव्हा ती त्यांच्या ओंजळीत मावली होती म्हणे. नाव तेव्हा शोभलं आणि मग चिकटलं ते चिकटलंच. आता ती चौदा वर्षांची होती. आईच्या डोक्यावरून तिला पलीकडचं सगळं दिसायचं. खांदे असे, की अरुंद दारातून आत येताना ती नकळत जराशी तिरकी व्हायची. वर्गातली पोरं तिला रोडरोलर म्हणायची. "मग रस्त्यातून बाजूला व्हा," ती म्हणायची, आणि पोरं व्हायचीही.

हे खेळाचं प्रकरण सुरू झालं तेही पुढच्या खोलीतच. शाळेतल्या खेळाच्या बाई पँट शिवायला टाकायला आल्या होत्या. मापं घेता घेता आईच्या हातून बॉबिन सुटली आणि गडगडत मशीनखाली गेली. चिमणी तेव्हा अकराची. तिनं बिडाच्या पायांसकट मशीन एका बाजूनं उचललं, उचलूनच धरलं आणि म्हणाली, "काढ."

बाई आरशातून बघत होत्या. "हिला संध्याकाळी मैदानावर पाठवा."

"काय करायला?"

"उचलते तर आहेच. जरा लांब फेकून बघू दे."

तेव्हापासून गोळाफेक. लोखंडाचा तो थंड गोळा मानेशी धरला, हनुवटीखाली दाबला की चिमणीला सगळं जग एकदम गप्प झाल्यासारखं वाटायचं. बघणाऱ्याला वाटतं गोळा हातानं फेकतात. खरं तर तो पायानं फेकायचा असतो. टाचेतून जोर निघतो, मांडीतून चढतो, कमरेत वळतो, पाठीतून उसळतो आणि बोटांच्या टोकाला फक्त निरोप पोचतो. त्या एका क्षणात चिमणीच्या अंगातलं काहीही जास्तीचं नसायचं. एरवी वर्गात, दुकानात, आत्याच्या घरच्या सोफ्यावर तिचं काहीतरी सतत जास्तीचं व्हायचं. कोपर तरी, गुडघा तरी.

"इतरांच्या पोटात गोळा येतो, हिच्या हातात येतो," बाबा बसमधल्या सोबत्यांना सांगायचे. आईचे खडू मात्र झपाट्यानं संपत होते. कापडावर खुणा करायचा खडू तळहाताला चोळला की गोळा घसरत नाही, हा शोध चिमणीनं लावला होता.

आईनं कधी नको म्हटलं नाही. "खेळू दे की," म्हणायची, "पण". हा "पण" मात्र वर्षावर्षानं वाढत गेला. पण बाह्या लांब घालत जा. पण उन्हात किती काळवंडलीस. पण पाहुण्यांसमोर एवढं वाढून घेऊ नकोस. गिऱ्हाइक बायका चिमणीला बघून आईला विचारायच्या, "ही तुमचीच?" आणि आई "हो" म्हणून पटकन कापडाचा विषय काढायची. ते पटकन चिमणीला कळायचं.

अशात ताईचं लग्न ठरलं. ताई म्हणजे आत्याची मुलगी. तिच्या मनात होतं, पाचही मामे-चुलत बहिणींनी एकाच कापडाचे लांब झगे घालायचे. कापडाचं गठुळं आईकडे आलं. शेवाळ्यासारखा हिरवा, हातात धरला की पाण्यासारखा निसटणारा तागा. चिमणीनं तो गालाला लावून बघितला. खेळणाऱ्या मुलीला झगा आवडत नाही असं ज्यांना वाटतं त्यांना काय माहीत. तिला तो झगा गोळ्याइतकाच हवासा वाटला.

चौघींना आईनं टेप लावला. पाचवीला नजर.

अंगाला लावून बघायला एका दुपारी सगळ्या जमल्या. आत्या खुर्चीत, ताई आरशासमोर, बाकीच्या टेबलाभोवती. चिमणीचा नंबर शेवटी आला. आतल्या खोलीत झगा चढवताना तो दंडाशीच अडला. तिनं खांदे पुढे घेतले, पोट आत ओढलं. पाठीची चेन धाकट्या चुलत बहिणीनं दोन्ही हातांनी वर खेचली.

"बसला. आता फक्त श्वास घेऊ नकोस."

"किती वेळ?"

"लग्न होईपर्यंत."

चिमणी बाहेर आली. आरशात एक उंच, हिरवी, अनोळखी मुलगी उभी होती आणि ती चक्क छान दिसत होती.

"बघा," आत्या म्हणाली, "आता कशी मुलगी वाटते."

चिमणीला हसू आलं, पण हसायला श्वास लागतो.

"चिमणे, तेवढा वरच्या फळीवरचा टाचण्यांचा डबा दे गं," ताई आरशातूनच म्हणाली. "तुझाच हात पोचतो."

वरचं काही काढायचं म्हणजे चिमणी, हे सगळ्या खानदानात ठरलेलं होतं. तिनं सवयीनं हात वर केला. आणि मानेपासून काखेपर्यंत एक लांब आवाज झाला. शिवणकामाच्या घरात कापड टरकल्याचा आवाज रोजचाच. पण तो टेबलावरून येतो, माणसाच्या पाठीतून येत नाही.

मग धाकटी फिस्सकन हसली.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "पोरगी आहे का हमाल? वहिनी, मी तरी कधीची सांगतेय, ते लोखंड उचलणं बंद करा. उद्या हिच्या मापाचा नवरा कुठून आणणार?"

एरवी चिमणी म्हणाली असती, आई शिवून देईल. आज नाही. डबा हातात तसाच, आणि पाठीवर वारा.

आईनं ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "माझा हात चुकत नाही," ती म्हणाली. आत्याला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही. "हिचंच अंग रोज बदलतंय." मग चिमणीकडे न बघता, "लग्न होईपर्यंत मैदान बंद. जरा उतरेल."

"आई, रविवारी निवड आहे."

"निवडी दरवर्षी होतात. बहिणीचं लग्न एकदाच होतं."

निवड कसली, ते आत्याला माहीत नव्हतं, बाकीच्यांनाही नव्हतं. शहरातल्या सगळ्या शाळांतून चार मुली घेणार होते. त्या चौघी महिनाभर दुसऱ्या गावी शिबिराला जाणार, मोठ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. खेळाच्या बाईंनी चिमणीला स्पष्ट सांगितलं होतं, यंदा नाही गेलीस तर पुढच्या वर्षी वयोगट बदलतो, मग तुझ्यापेक्षा तीन-तीन वर्षांनी मोठ्या मुलींबरोबर उभी राहशील. आईलाही हे माहीत होतं. चिमणीनं दोनदा सांगितलं होतं.

रात्री जेवताना तिनं बाबांकडे बघितलं. बाबा भातात आमटी कालवत राहिले. फारच बघत राहिली तेव्हा म्हणाले, "मी बस चालवतो. घर तुझी आई चालवते. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, असं आमच्याकडे लिहिलेलंच असतं."

मग चिमणी मैदानावर गेली नाही. शाळा सुटली की सरळ घरी. खेळाच्या बाईंनी विचारलं तर म्हणाली, लग्न आहे. बाईंनी तिच्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या, "रविवारपर्यंत तुझं नाव खोडत नाही." डब्यातलं अर्धं ती तसंच परत आणू लागली. बसताना खांदे मिटून घ्यायची. दिवसातून चारदा आरशासमोरून जायची आणि प्रत्येक वेळी तिला तेवढीच चिमणी दिसायची. अंग काही उतरत नव्हतं, मन मात्र उतरलं होतं.

शनिवारी दुपारी आईनं फाटका झगा तिच्यापुढे टाकला. "पाठीची शिवण उसवून ठेव. ताईकडून कापड मागवलंय, नवी पाठ बेतते."

उसवण्यात चिमणीचा हात चांगला होता. टाका न टाका सोडवून तिनं पाठ वेगळी केली, इस्त्री फिरवली आणि टेबलावर पसरली. टेबलाच्या कडेला तिचाच मागच्या वर्षीचा फ्रॉक पडला होता, कुणाला तरी द्यायचा म्हणून काढलेला. काहीतरी चाळा म्हणून तिनं तो झग्याच्या पाठीवर ठेवला. मानेला मान जुळवली.

फ्रॉक दोन्ही बाजूंनी बाहेर आला.

तिनं काढून पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. दोन्ही खांद्यांना दोन-दोन बोटं जुना मोठा, नवा लहान. तिनं शिवण उलटून बघितली. आई गिऱ्हाइकाच्या कपड्यात आतून माया ठेवायची, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून जास्तीचं कापड, वाढत्या पोराच्या कपड्यात तर जास्तच. इथं टीप पार कडेला भिडली होती.

"आई," ती म्हणाली, "वाढत्या पोरीचा कपडा आधीच्यापेक्षा लहान कोण बेततं?"

आईचा पाय मशीनच्या पायटीवर चालूच होता. "कोणी नाही. खुळी का?"

"मग इकडे ये."

आई आली. बघितलं. जुना फ्रॉक काढून स्वतः पुन्हा ठेवला, कडा ताणून, सुरकुती मोडून. आडवी बोटं ठेवून मोजलं. मग झग्याची पाठ उलटी केली, जसं काही दुसऱ्या बाजूनं ती मोठी निघेल.

"कापड आटलं असेल."

"धुतलंच कुठंय अजून?"

आई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. त्या स्टुलावर चिमणीनं तिला कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

"बाबांचं पोट तुला बरोबर दिसलं," चिमणी म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. "नवा शर्ट काय मस्त बसलाय त्यांना. मग माझेच खांदे कसे दिसले नाहीत?"

"दिसले," आई म्हणाली. मांडीवरचा हिरवा धागा काढून टाकला. मग, "दिसले म्हणूनच. खुणा केल्या आणि वाटलं, एवढे नसतील. जरा आत घेतलं. मग वाटलं, अजून थोडं. कात्री लावताना माझं मलाच पटलं होतं."

"का पण?"

आईनं हनुवटीनं खिळ्यावरच्या टेपाकडे दाखवलं. "त्याला विचार. इथं येणारी प्रत्येक बाई, टेप अंगाला लागला की पोट आत घेते आणि माफी मागते. 'हल्ली जरा सुटलेय हं.' 'माझे दंड आधीपासूनच असले मेले.' मी काही विचारलेलं नसतं. अगदी काटकी असली तरी मागते. आणि तुझी ती आत्या, एवढं फडाफडा बोलते ना, तीसुद्धा मागते. म्हणून मी म्हटलं, घरात टेप नको. तुला कधी माफी मागायची पाळी येऊ नये." ती थांबली. "आणि बघ मी काय केलं. टेप न लावताच मागायला लावली."

आईला असं बोलताना ऐकायची चिमणीला सवय नव्हती. आईचं बोलणं म्हणजे 'हात वर, हात खाली, मंगळवारी या.'

"आठवडाभर अर्धा डबा परत आणतेस," आई म्हणाली. "मला काय कळत नाही?"

"कळतं तर बोलली का नाहीस?"

"तेच तर." आई उठली, खिळ्यावरून टेप काढला आणि झटकला. "ये इकडे. उभी राहा."

टेप पाठीला टेकला आणि चिमणीनं श्वास आत घेतला. "सॉरी, जरा जास्त—"

"झालं? मागितलीस?" आई म्हणाली. "श्वास सोड आधी. सगळा सोड."

चिमणीनं सोडला. दोघी आरशात एकमेकींकडे बघून हसल्या. आईचे डोळे मात्र नुसतेच हसत नव्हते.

खांदे मापून झाले, दंड झाला. मग आई म्हणाली, "आता फेकताना उभी राहतेस तशी राहा."

"इथं?"

"मग काय छपरावर? गोळा समजून हे धर." आईनं दोऱ्याचं भलंमोठं रीळ तिच्या हातात दिलं.

चिमणीनं रीळ मानेशी धरलं, टेबलाकडे पाठ केली, गुडघे वाकवले आणि पुढची खोली जेवढी पुरेल तेवढ्यात सावकाश वळून हात लांबवला. आई टेप घेऊन तिच्यामागे फिरली. वाकलेली असताना पाठ मापली, उलगडल्यावर पुन्हा मापली. पुन्हा वाकायला लावलं. आता तिच्या जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात आलं होतं.

"बाप रे. एवढी उघडते ही पाठ?" ती पुटपुटली. "मग कुठलं कापड टिकणार? हे मला कोणी सांगितलं नाही."

"तू कधी बघायला आली नाहीस."

आईनं टेप बोटांवर गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"उद्या किती वाजता असतं ते तुमचं?"

रविवारी मैदानावर आई कडेच्या बाकावर बसली. झग्याचं काम मागे पडलेलं, म्हणून तिनं पिशवीत हिरवं कापड आणि सुईदोरा आणला होता. बाबांची ड्युटी होती. निघताना ते एवढंच म्हणाले होते, "फेकून ये." आईनं विचारलं, काय? तर म्हणाले, "मनात असेल ते."

बऱ्याच शाळांच्या मुली होत्या. प्रत्येकीला तीन संधी. चिमणीची पहिली फेक लांब गेली, पण आठवडाभराची सुटलेली सवय पायात आली आणि पाऊल वर्तुळाच्या पुढच्या कडेच्या फळीवर पडलं. लाल झेंडा. फेक बाद. दुसरीला ती इतकी घाबरून आखडली की गोळा कसाबसा घरंगळला. खेळाच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

तिसऱ्या वेळी वर्तुळात शिरताना तिनं आईकडे बघितलं. आईच्या मांडीवर हिरवं कापड होतं आणि सुई दोरा न ओवताच तशीच कापडात टोचलेली. आई तिच्याकडे बघत होती. डोळे बारीक न करता. सगळ्याच्या सगळ्या चिमणीकडे.

गोळा थंड होता. चिमणीनं तो मानेशी दाबला, श्वास घेतला, हवा तेवढा. टाच, मांडी, कंबर. पाठ उघडली.

पांढरा झेंडा वर गेला.

तिची ती सगळ्यात लांब फेक नव्हती. सरावात ती याहून लांब फेकायची, आणि हे तिला गोळा जमिनीवर पडायच्या आधीच कळलं. म्हणून नावं वाचेपर्यंत ती बुटाची लेस सोडत आणि बांधत बसली. पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं. दुसरंही. तिसरंही. चौथं तिचं.

शेजारी बसलेली एक मुलगी तोंड ओंजळीत घालून रडायला लागली. चिमणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्याइतकीच रुंद पाठ होती.

खेळाच्या बाई आईशी बोलत होत्या. शिबिर लग्नानंतर लगेच, मुली एका मोठ्या हॉलमध्ये झोपतात, महिनाभर घरी यायचं नाही. चिमणी जरा अंतरावर उभी राहिली. आई काय म्हणेल ते ऐकायचंही होतं आणि नव्हतंही.

"लक्ष ठेवायला बायका आहेत?"

"मीच आहे."

"दाराला आतून कडी?"

"आहे."

"आंघोळीचं?"

"आहे हो सगळं."

मग मैदानावरच्या मुलींकडे बघत आई म्हणाली, "या सगळ्यांचे शर्ट काखेत ओढताहेत. कुणी शिवले?"

"दुकानातले आहेत. मुलग्यांच्या मापाचे. मुलींचे मिळत नाहीत."

"तरीच," आई म्हणाली. आणि जणू त्याच बोलण्याचा पुढचा भाग असावा तसं, "जाईल ती. निघायचं कधी ते नीट सांगा. त्याच्या आत दोन शर्ट व्हायला हवेत हिचे."

मैदानाच्या फाटकातून बाहेर पडतानाच आईचा फोन वाजला. पलीकडची आत्या चिमणीलाही ऐकू येत होती.

"हो वन्सं, झगा होतोय... नाही, ती कुठली उतरतेय. झगाच वाढवला... हो, फेकते ना. आज बघितलं मी." आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय सांगू तुम्हाला, सांगून कळायचं नाही. एकदा स्वतःच या बघायला... नवऱ्याचं काय घेऊन बसलात, आधी बारावी तर होऊ द्या."

फोन पिशवीत टाकून ती भराभर चालायला लागली. पण चिमणीच्या एका ढांगेत तिची दोन पावलं जायची. रस्त्याच्या टोकाला थांब्यावर बस उभी होती, शेवटची दोन माणसं चढत होती.

"गेली," चिमणी म्हणाली. "आता अर्धा तास."

"गेली कशी? अजून उभी आहे की." आईला धाप लागली होती. तिनं चिमणीच्या हातातली बुटांची पिशवी काढून घेतली. "ती काय तुझ्या बाबांची बस आहे थांबायला? पळ. मी येतेच."

"रस्त्यातून?"

"मग काय छपरावरून? पळ म्हणते ना."

चिमणी पळाली. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली, एका म्हातारबुवांनी घाईनं काठी आवरून वाट दिली, आणि बसचं दार मिटायला लागलं तशी ती पायरीवर पोचली आणि दाराला खांदा लावून उभी राहिली.

"चढा की ताई," कंडक्टर म्हणाला.

"थांबा," ती म्हणाली. "आई येतेय."